मराठी बालसाहित्यातले मूल कोणाचे?

दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला काय दिले याचा हिशेब गेली पाच दशके मांडला जात आहे. कविता, कथा, आत्मकथने, वैचारिक लेखन असे सारे रकाने त्यात भरलेले दिसतात. एक रकाना मात्र जवळजवळ कोरा राहिला आहे. तो मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचा. आपल्या साहित्यिकांनी मुलांविषयी पुष्कळ लिहिले. पण मुलांच्या हाती देता येईल असे फार थोडे लिहिले. असे का व्हावे, याचा विचार चळवळीने अद्याप गांभीर्याने केलेला नाही. बालसाहित्य म्हणजे फावल्या वेळचा, हलकाफुलका उद्योग, अशी एक समजूत आपणही प्रस्थापितांकडून विनातक्रार स्वीकारली आहे.

मी वसई-विरार भागात मराठी शिकवते. पदवीच्या वर्गात दरवर्षी दोनचार विद्यार्थी असे निघतात, की ज्यांना मुलांसाठी लिहावेसे वाटते. त्यांतले बरेचजण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर होणार असतात. ते दोन प्रश्न विचारतात. हे लिहायचे कसे? आणि यावर पोट भरते का? पहिला प्रश्न कलेचा, दुसरा व्यवहाराचा. वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याची चर्चा होते. दुसरा अप्रशस्त मानला जातो. माझ्या मते दुसऱ्याच्या उत्तरातच पहिल्याचे बरेचसे उत्तर दडलेले आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्याला पैसे कोण देतो हे पाहिले, की त्याच्या पुस्तकातले मूल कोणत्या घरातले असेल याचा अंदाज येतो. मराठी बालसाहित्याच्या सुमारे दोनशे वर्षांच्या वाटचालीकडे या एका दृष्टीने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके लिहिण्याचा व्यवसाय सरकारी आश्रयाने जन्माला आला. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे हे तिचे एतद्देशीय चिटणीस. त्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ साली निघाली. ‘बाळमित्र’ हे बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले रूपांतर होते. म्हणजे मराठी बालसाहित्याचा पहिला लेखक हा पगारी माणूस होता, आणि त्याचे पहिले मूल परदेशातल्या सुखवस्तू घरातून आले होते. ते मूल आज्ञाधारक व्हावे, खोटे बोलू नये, नोकरांशी दयेने वागावे, ही त्या पुस्तकांची शिकवण. यात गैर काही नाही. पण ज्यांचे आईबाप स्वतःच नोकर होते त्या मुलांनी या गोष्टी वाचताना कोठे उभे राहायचे? तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण ती मुले शाळेच्या ओट्यावरही नव्हती.

तो प्रश्न पुण्यात उद्भवला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून मुलींसाठी आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, त्या थंडीपावसात कुडकुडतात, हे तिने लिहिले. पेशवाईत मांग-महारांच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून मैदानात खेळ होत असे, हेही तिने लिहिले. चेंडू आणि दांडू हे मुलांचे शब्द आहेत. मुलांच्या खेळातला शब्द घेऊन एका मुलीने राज्यकर्त्यांच्या क्रौर्याची साक्ष दिली. ‘बाळमित्र’नंतर केवळ सत्तावीस वर्षांनी आपल्या समाजाच्या मुलाने मराठीत लिहिले ते असे. आपल्याकडे मुलांसाठी पुस्तक येण्याआधी मुलाने लिहिलेला मजकूर आला, ही गोष्ट बालसाहित्याच्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवी.

‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र होते. याच मिशनने १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले. मिशनच्या शाळांत अस्पृश्यांची मुले बसत, त्यामुळे या लेखनाचा वाचक एका जातीत अडकलेला नव्हता; मात्र गोष्टीचा शेवट कोठे न्यायचा हे आधीच ठरलेले असे. त्याच १८७३ साली जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ सुरू झाले. ओक शिक्षणखात्यातले. त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ हे मासिक चिकाटीने चालवले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढले. येथे पैसे देणारा बदलला. मंडळी आणि मिशन यांच्या जागी वर्गणीदार आला. वर्गणी भरू शकणारे घर म्हणजे शहरातले, शिकलेले, बहुधा वरच्या जातीचे. मासिक टिकवायचे तर त्या घराची रुची, त्याचे सणवार, त्याची देवघरे, त्याची भाषा सांभाळणे भाग होते. यात संपादकांचा वैयक्तिक दोष शोधण्याचे कारण नाही. पण वर्गणीदाराचे मूल हेच मराठी मूल, असे समीकरण येथे पक्के झाले आणि पुढे शंभर वर्षे टिकले.

जोतीरावांनी हे फार आधी ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले, की सरकारी महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्यावे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे पैसे देणारा आणि पुस्तकात दिसणारा यांची फारकत त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडली. मुलांच्या पुस्तकांच्या अर्थकारणाची आपल्याकडची ही पहिली चिकित्सा होय.

या फारकतीचा अनुभव एका मुलाने स्वतःच्या घरात घेतला. भीमराव शाळेतली एक परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली, आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले. केळूसकर शिक्षक होते; बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी त्यांनी ते लिहिले होते. ते पुस्तक मुलांसाठी नव्हते. मुलाने ते वाचले आणि वडिलांना विचारले, की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता आहे. बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? वडिलांनी सांगितले, की अस्पृश्यांच्या मनात न्यूनगंड येतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्या गोष्टींनी तो जातो. मुलाचे समाधान झाले नाही. त्या कथांतला एकही नायक त्याला पटला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत न आलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे. बालसाहित्याची आपली पहिली समीक्षा एका विद्यार्थ्याने आपल्या बापाशी वाद घालून केली, आणि तिचा शेवट १९५६ साली नागपुरात झाला. एका योग्य वयात योग्य पुस्तक हाती पडणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

१९३५ मध्ये साने गुरुजींची ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक कोणी पगार देऊन लिहवून घेतलेले नव्हते. गुरुजींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे धाडस मी करणार नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावणारा हा माणूस. तरीही त्या पुस्तकातला एक प्रसंग आपण आपल्या मुलाच्या डोळ्यांनी वाचून पाहावा. महार जातीच्या एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. कोणी ती उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात, त्या गावात हे आईचे मोठे धैर्यच होते. पण पुस्तक वाचणारे आपले मूल कोणाच्या बाजूला उभे राहते? श्यामच्या बाजूला उभे राहिले तर त्याला स्वतःच्या आजीला शिवून आंघोळ करावी लागते. आजीच्या बाजूला उभे राहिले तर गोष्टीत त्याला बोलायला एक वाक्यही मिळत नाही. त्या म्हातारीचे नाव काय, तिचा नातू शाळेत जातो का, मोळी विकून तिला काय मिळते, हे गोष्टीला विचारावेसे वाटत नाही. दलित माणूस तेथे श्यामच्या संस्कारासाठी येतो आणि संस्कार झाला की निघून जातो. पुढच्या कितीतरी सद्हेतूपूर्ण बालकथांत हीच रचना आढळते.

मुलाकडे पाहण्याची दुसरी एक रीत आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात घडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आली. लेखकाने यातून शिकण्यासारखे आहे. मुलाच्या अंगणात जे आहे त्यातूनच त्याची पहिली अक्षरे तयार होतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १९४५ हेच वारल्यांच्या उठावाचे साल. याच पट्ट्यात वेठबिगारीला नकार देऊन वारली उभे राहिले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये आले, पण ते मोठ्यांसाठी. अंगणात मूल शिंपले मोजत होते आणि त्याचा बाप सावकाराला नाही म्हणायला शिकत होता, या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात मुलांना वाचायला मिळायला हव्या होत्या.

यानंतर शासन हा नवा आश्रयदाता आला. १९६७ मध्ये पुण्याला पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिचे ‘किशोर’ मासिक निघाले. वर्गणीदाराच्या घराबाहेरचे मूल आता हक्काने वाचक झाले. पुढे दलित लेखकांचे उतारेही पाठ्यपुस्तकांत आले. हा बदल मोठा आहे. नेमक्या याच काळात दलित साहित्याचा स्फोट झाला. ‘बलुतं’ १९७८, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९, ‘उपरा’ १९८०, ‘अक्करमाशी’ १९८४, ‘जिणं आमचं’ १९८६. ही पुस्तके पुन्हा काढून पाहा. त्यांतला किती मोठा भाग बालपणाचा आहे! भूक, शाळा, वर्गाबाहेरची जागा, आईची मजुरी, पहिले पुस्तक. मराठीतल्या बालपणाचा एवढा मोठा दस्तऐवज दुसरीकडे कोठे नसेल. पण तो सारा मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना सांगितलेला आहे. गुरुजींनी सांगितलेले बालपण मुलांचे पुस्तक झाले, प्र. ई. सोनकांबळे यांनी सांगितलेले बालपण दलित साहित्य झाले. एक घराघरांत गेले, दुसरे चर्चासत्रांत.

याची कारणे दुहेरी आहेत. मुलांना दुःख दाखवू नये, असे बालसाहित्याच्या बाजारात मानले जाते. जणू आपली मुले दुःख पुस्तकातूनच पाहणार होती! दुसरे कारण आपल्यातले. लढ्याच्या धामधुमीत मुलांसाठी आपण चरित्रपुस्तिका लिहिल्या, पण त्या भाषणाच्या सुरात. त्यांत बाबासाहेब जन्मापासूनच महामानव असतात. पदव्यांची यादी येते, सालांची यादी येते, आणि मुलाकडून हात जोडण्याची अपेक्षा केली जाते. मूल हात जोडते आणि पुस्तक मिटते.

खरे पाहता मुलांसाठी कसे लिहावे याचा वस्तुपाठ बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी त्यांनी परदेशी वाचकासाठी लिहिल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापल्या. त्यांतला १९०१ सालचा प्रवास पाहा. वडील गोरेगावला नोकरीला. सुट्टीत मुलांना बोलावणे येते. नवे सदरे, चकाकणाऱ्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, आगगाडीत बसण्याचा आनंद, हे सारे आधी येते. मग मसूर स्टेशन. न्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसत नाही; मुलेच बैलगाडी हाकतात आणि तो पायी चालतो. डब्यात अन्न आहे, पण पाणी मिळत नाही, म्हणून रात्र उपाशी जाते. येथे उपदेशाचे एक वाक्य नाही. नव्या टोपीचा आनंद आधी आल्यामुळे पुढची तहान मुलाला कळते. कोणत्याही मुलाला कळते, ते कोणत्याही जातीचे असो. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी शब्दांत आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी चित्रांत २०११ मध्ये ‘भीमायन’ केले, ते याच आठवणींच्या बळावर. मराठी मुलाची गोष्ट इंग्रजीत आधी चित्ररूप झाली, याचा आपल्याला विचार पडला पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, की विषय शोधायला दूर जाऊ नका. वसई म्हटली की आपल्या इतिहासपुस्तकांत चिमाजी अप्पा आणि १७३९ सालची लढाई येते. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या मुलाला ही लढाई ठाऊक असते. घराजवळचा स्तूप ठाऊक नसतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी पेटी, तिच्यात करंडक, भोवती मैत्रेयासह आठ बुद्धांच्या ब्राँझमूर्ती मिळाल्या. खणण्यापूर्वी गावकरी त्या टेकाडाला काय म्हणत? बुरुड राजाचा कोट. टोपल्या विणणाऱ्याला लोकांच्या जिभेने राजा केले होते! सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच साली सापडला, आणि भुईगावला नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये. धम्मदीक्षेच्याच वर्षी वसईच्या किनाऱ्यावर मिळालेला हा लेख सांगतो, की खरे मंगल म्हणजे पोकळ विधी नव्हेत. दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे हे मंगल.

आणि पूर्णाची गोष्ट तर येथलीच. ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात ती आहे. शूर्पारक म्हणजे हेच सोपारे. एक सावकार आजारी पडतो. बायको-मुले टाकून देतात, दासी त्याला वाचवते. पूर्ण हा त्या दासीचा मुलगा. वाटण्या होतात तेव्हा दासीपुत्राला वाटा मिळत नाही. भाऊ त्यालाच मालमत्तेत धरून वाटून घेतात. पुढे एके दिवशी त्याला लाकडाचा भारा घेऊन थंडीने कापत जाणारा माणूस दिसतो. पूर्ण ओळखतो, की या सरपणात मोलाचे चंदन आहे. त्या चंदनावर तो उभा राहतो, समुद्र ओलांडणारा व्यापारी होतो, आणि शेवटी सारे सोडून भिक्खू होतो. कोकणातल्या म्हातारीची मोळी आणि सोपाऱ्यातला हा भारा एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एका गोष्टीत भाऱ्याला हात लावल्यावर आंघोळ आहे. दुसरीत दासीचा मुलगा भाऱ्यातले चंदन पारखतो. आपल्या मुलांनी कोणती गोष्ट ऐकत मोठे व्हावे?

ती गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची हाही कारागिरीचाच प्रश्न आहे. विरार-नालासोपाऱ्यातल्या एका वर्गात मराठवाड्याची, विदर्भाची, कोकणची मराठी, वाडवळी, सामवेदी, वारली आणि भोजपुरी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवावे, पण माणसे आपापल्या बोलीत बोलावीत. बोली विनोदासाठी आणि प्रमाण भाषा शहाणपणासाठी, ही जुनी वाटणी मोडली पाहिजे. लिहिलेले मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. जेथे मूल खिडकीबाहेर पाहते ते वाक्य काढून टाकावे.

राहिला पोटाचा प्रश्न. खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. छत्र्यांपासून आजपर्यंत मुलांसाठी लिहिणाऱ्या बहुतेकांची चूल नोकरीवर किंवा संपादनावर पेटली आहे. मासिकांचे मानधन तुटपुंजे असते; पुस्तक चालते ते शालेय ग्रंथालयांच्या खरेदीवर. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते, ही मान्यता झाली, उपजीविका नव्हे. म्हणून नोकरी सोडू नका, असेच मी सांगते. पण आपल्यापाशी एक गोष्ट आहे, जी ‘बालबोध’ला नव्हती आणि ‘आनंद’लाही नव्हती. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. मजुरीच्या पैशातून पुस्तक विकत घेणारा असा वाचक मराठी प्रकाशनाला इतरत्र क्वचितच भेटतो. मंडळी, मिशन, वर्गणीदार आणि शासन यांच्यानंतरचा हा पाचवा आश्रयदाता आहे, आणि तो आपलाच माणूस आहे. त्याच्या पिशवीत मोठ्यांचे ग्रंथ असतात, फोटो असतो, दिनदर्शिका असते. त्याच पिशवीत मुलासाठी चांगल्या चित्रांचे, ठळक अक्षरांचे, परवडणाऱ्या किमतीचे पुस्तक असावे, एवढी तयारी आपण केली पाहिजे.

त्यासाठी काही गोष्टी लगेच करता येतील. नियतकालिकांनी प्रत्येक अंकात आठ पाने मुलांसाठी राखावीत. शिक्षकांनी आत्मकथनांतील बालपणाचे भाग लेखकांच्या परवानगीने मुलांसाठी नव्याने सांगावेत. विहारांतल्या ग्रंथालयांत रविवारी सकाळी एक तास वाचनाचा ठेवावा. आणि मुलांकडून लिहवून घ्यावे. १८५५ साली एका मांग मुलीने, कोणी तिच्यासाठी एकही पुस्तक लिहिलेले नसताना, पेन उचलले होते. आज आपल्या वस्तीत शाळा आहे, छापखाना आहे, वाचक आहे. आता तिच्या वयाच्या मुलीला लिहायला बसवण्याआधी तिला वाचायला काय द्यायचे, याचे उत्तर आपल्या लेखकांनी द्यायचे आहे.